आणखी एक बालवाडी नको! खान्देशात शून्य ते सहाच्या लेकरांसाठी काम उभं करताना

लहान मुलांसाठी गावात काहीतरी करू, असं चार जणांनी ठरवलं की पाचवा हमखास म्हणतो, बालवाडी काढू. कुणाचा तरी रिकामा गाळा मिळतो, भिंतीवर सफरचंद आणि हत्ती रंगवले जातात, जूनमध्ये नारळ फुटतो. दिवाळी येईस्तोवर तिची महिना तीनशे रुपये फीची नर्सरी झालेली असते. जरा बऱ्या घरची मुलं अंगणवाडीतून उठून तिथे जातात, आणि अंगणवाडीत उरतात ती भिलाटीतली (भिल्ल वस्तीतली) आणि मजुरांची. आमच्या गटाने हा उद्योग करून पाहिलाय. तापीकाठच्या एका गावात दीड वर्ष चालवला, मग कुलूप लावलं आणि जे आधीच करायला हवं होतं ते सुरू केलं. हा लेख त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये कुणी नव्याने उतरणार असेल, तर निदान आमच्या चुका तरी त्यांना पुन्हा कराव्या लागू नयेत.

आधी खड्डा नेमका कुठे आहे ते बघा. अंगणवाडी देशात २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे. तीन ते सहाचं मूल रोज तिथे येतं, गरम ताजा आहार खातं, गाणी म्हणतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी घरी न्यायचा शिधा मिळतो, वजन-उंची होते, लसी टोचल्या जातात. आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात येतात. म्हणजे बाळाचं पोट, वजन आणि टोचणी यांच्याकडे बघणारं कुणीतरी आहे. पण आई कापसात आणि बाप ट्रॅक्टरवर असताना त्या बाळाशी दिवसभर बोलायचं कुणी, हे कुणाच्याच कामात नीट बसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्यातली पहिली तीन वर्षं मूल घराच्या ओट्यावर काढतं. म्हणून संस्थेचं काम ओट्यावर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं जे काम सुरू केलं त्याचा गाभाही हाच होता. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची.

मोजणीपासून सुरुवात

तालुका घेऊ नका. एक गाव घ्या, आणि गाव मोठं असेल तर त्यातली एक-दोन अंगणवाड्यांची हद्द. आठशे वस्तीच्या गावात शून्य ते सहाची साधारण ८० ते १०० मुलं निघतात, त्यातली निम्मी तीन वर्षांच्या आतली. कोणत्याही महिन्यात आठ-दहा गरोदर बाया असतात. पहिल्या वर्षाला एवढं भरपूर आहे.

यादी तीन ठिकाणांहून करा. सेविकेच्या सर्वेक्षण रजिस्टरातून, आशाताईंच्या वहीतून, आणि स्वतः दारोदार फिरून. या तिन्ही याद्या कधीच जुळत नाहीत. न जुळणारी नावं वेगळ्या कागदावर काढा, कारण तुमचं निम्मं काम त्या कागदावर असतं. आमच्या पहिल्या मोजणीत १४ मुलं अशी निघाली. त्यातली नऊ सालदारांची, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणाऱ्यांची होती. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात सातपुड्यातून आलेली पावरा-बारेला कुटुंबं केळीच्या बागेत, विहिरीजवळच्या खोलीत राहतात. गावाच्या यादीत ती नसतात, कारण ती गावात राहतच नाहीत, आणि मूळ गावच्या यादीत असूनही उपयोग नसतो. शिवाय सालदारकीचा करार अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतो. चैत्रात केलेली यादी वैशाखात खोटी ठरते, म्हणून अखाजीनंतर पंधरा दिवसांनी शेतातल्या घरांची फेरी पुन्हा मारायचीच.

दुसरी निसटणारी बाई म्हणजे बाळंतपणाला माहेरी गेलेली. नोंद सासरी, बाळंतपण माहेरी, आणि पहिले तीन-चार महिने दोन्ही गावांच्या मधोमध कुठेतरी. सातव्या महिन्यातच तिला माहेरच्या गावाचं नाव विचारून ठेवा आणि तिथल्या आशाताईंचा नंबर मिळवून तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर पेन्सिलीने लिहा. एवढ्याने बरंच काम होतं.

वहीत रकाने थोडे ठेवा. बाळाचं नाव, जन्मतारीख (कार्डावरून, अंदाजाने नाही), आईचं नाव, घरात कोणती बोली, कुटुंब कुठे आणि कधी स्थलांतर करतं, आणि दिवसा बाळाजवळ कोण असतं. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. जुलैत त्याचं उत्तर "आई" असतं आणि नोव्हेंबरात, वेचणीच्या दिवसांत, "आठ वर्षांची बहीण". तुम्ही कुणाला शिकवणार आहात ते या एका रकान्यावरून ठरतं. म्हणून तो पेन्सिलीने भरा आणि हंगामागणिक बदला.

सेविकेच्या दारात जाताना

संस्था आली की अंगणवाडी सेविकेच्या मनात पहिली शंका येते: हे लोक माझी तक्रार करणार. ती शंका रास्त आहे. यापूर्वी आलेल्या बऱ्याच जणांनी फोटो काढले, हजेरी मोजली आणि वर कळवलं. तेव्हा पहिल्या तीन भेटींत काहीही मागू नका. रजिस्टर नको, फोटो नको. "ताई, तुमचं कोणतं काम वेळेअभावी राहून जातं?" एवढंच विचारा. आम्हाला मिळालेलं उत्तर होतं, "पोषण ट्रॅकर भरता भरता गृहभेटी राहतात." (पोषण ट्रॅकर म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं मोबाइल ॲप.) झालं, तिथेच आमची जागा सापडली.

कागदपत्रं त्यानंतर. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र द्यायचं, प्रत मुख्य सेविकेला. पत्रात काय करणार त्यापेक्षा काय करणार नाही ते स्पष्ट लिहा: वेगळं केंद्र काढणार नाही, आहार वाटणार नाही, अंगणवाडीच्या वेळेत मुलं बाहेर नेणार नाही. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, तो पुढे देणगीदाराला दाखवायला लागतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत बसायला मिळालं तर सोडू नका. सरपंचाच्या घरचा चहा प्यायला हरकत नाही, फक्त कार्यालय त्याच्या घरात थाटू नका. निवडणूक आली की दुसऱ्या गटाच्या गल्लीतली दारं तुम्हाला बंद होतात.

ताई कोण असावी

आपल्या वतीने घरोघर भेटी देणारी ताई त्याच गावातली हवी. शक्यतो स्वतःला मूल असलेली, बारावी असो की आठवी, पण लिहिता-वाचता येणारी आणि मुख्य म्हणजे गप्प बसता येणारी. फार बोलक्या उमेदवारांचा मला धसका आहे. त्या आईला पंधरा मिनिटं व्याख्यान देतात आणि बाळाकडे एकदाही बघत नाहीत. निवडताना मुलाखत खोलीत घेऊ नका. एखाद्या घरी सोबत न्या आणि ती बाळाजवळ खाली बसते की खुर्ची शोधते ते बघा.

एका ताईकडे १२ ते १५ घरं, तीन वर्षांखालच्या बाळाकडे पंधरवड्यातून एक भेट, भेट चाळीस मिनिटांची. भेटी, जाणं-येणं, नोंदी आणि इतर कामं धरून रोज दोन-अडीच तासांचं काम होतं. याला मानधन हवंच. सेवाभावावर चाललेलं काम कापूस फुटला की बंद पडतं, आणि त्यात त्या बाईचा काही दोष नसतो. बोलीही बघा. अहिराणी गावात अहिराणी बोलणारी, पावरा वस्तीत पावरी बोलणारी ताई. धडगाव-अक्कलकुव्यात प्रमाण मराठीतून काम करणारी संस्था तिथल्या आईला तालुक्याच्या कचेरीसारखीच वाटते.

गृहभेट

सगळं काम या चाळीस मिनिटांवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माघातली सकाळ. घरात आजी सुपात दादर (रब्बी ज्वारी) पाखडतेय, सून पाण्याला गेलीय. दहा महिन्यांचा मुलगा गोधडीवर बसलाय, समोर डब्याला टेकवून मोबाइल लावलेला, त्यात कार्टून. ताई आजीशी दोन शब्द बोलली, पण मोबाइलबद्दल चकार शब्द काढला नाही. कोपऱ्यातली स्टीलची वाटी आणि चमचा घेतला, बाळाच्या समोर बसली, वाटीवर दोनदा चमचा वाजवला आणि चमचा त्याच्या हातात दिला. मग थांबली. मनात पाचपर्यंत आकडे मोजले. बाळाने आधी चमचा तोंडात घातला, मग वाटीवर आपटला. ताई म्हणाली, "वाजलं!" त्याने पुन्हा आपटला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. आजी हसली, "त्याले काय समजस?" ताईने उत्तर दिलं नाही. दुसरा चमचा आजीच्या हातात दिला आणि स्वतः दोन हात मागे सरकली. पुढची दहा मिनिटं आजी आणि नातू वाजवत होते. मोबाइलचा स्क्रीन केव्हा बंद झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

यात तीन गोष्टी आहेत, आणि प्रशिक्षणात त्याच पुन्हा पुन्हा घोटायच्या. वस्तू घरातलीच वापरायची. बाळाने काही केलं की त्याला उत्तर द्यायचं, पण त्याआधी थांबायचं. मोठ्या माणसाला पाच आकडे फार वाटतात, बाळाला तेवढे लागतातच. आणि खेळ शेवटी घरच्याच हातात द्यायचा. ताईच खेळत राहिली तर बाळ खूश होतं, ताई खूश होते आणि ती गेल्यावर घरात काहीच उरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत आमच्या सगळ्या ताया इथेच अडकत होत्या.

वयाप्रमाणे काय करायचं याची लांबलचक कोष्टकं मिळतात. आम्ही ती भिंतीला लावली आणि वापरली नाहीत. लक्षात राहतं ते असं: दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांत बघून बोला आणि तो हुंकार देईल तेव्हा तुम्ही गप्प व्हा. बसायला लागलं की वाटी, चमचा, रिकामा डबा, ओढणीखाली लपवलेली वस्तू. चालायला लागलं की भाकरी थापताना पिठाचा गोळा द्या, कपडे वाळत घालताना "बाबांचा सदरा कुठे?" विचारा. दोन वर्षांपुढे गोष्ट सांगा आणि मध्येच थांबा. पोळ्याच्या आधी मातीचे बैल घडवले जातात तेव्हा त्यालाही मातीचा गोळा द्या. त्याचा बैल बैलासारखा दिसला नाही तरी चालेल.

एक सावधगिरी. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, सरकी, बटणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाहीत, घशात अडकतात. खुळखुळा करायचा तर छोट्या बाटलीत ज्वारीचे दाणे घाला, झाकण पक्कं चिकटवा आणि दर भेटीत तपासा. आणि खेळणी विकत आणू नका. आम्ही सुरुवातीला ४०,००० रुपयांची प्लास्टिकची खेळणी आणली. हरवतील म्हणून ती कपाटात गेली आणि पाहुणे आले की बाहेर निघायची.

मोबाइलबद्दल घरात भाषण दिलं की दार बंद होतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. हे ताईला माहीत असावं. आईला मात्र मोबाइलच्या जागी काय ठेवायचं ते दाखवावं, कारण तिने तो करमणुकीसाठी लावलेला नसतो, भाकरी करायला अर्धा तास मिळावा म्हणून लावलेला असतो.

"केय" चूक नाही

अंगणवाडीत केळ्याचं चित्र दाखवलं आणि साडेतीन वर्षांची आंडेर (पोरगी) म्हणाली, "केय." बाईंनी दुरुस्त केलं, "केळं म्हण." पोरगी गप्प झाली आणि उरलेला तास गप्पच राहिली. अहिराणीत ळ चा य होतो, डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. तिने बरोबरच उत्तर दिलं होतं. आम्ही सेविकाताईंशी बसून साधी रीत ठरवली: मुलाचा शब्द आधी घ्यायचा आणि मग आपला शब्द त्याच्या शेजारी ठेवायचा. "हो, केय! पिवळं केळं." बस. "तुन्हं नाव काय शे?" असं विचारलं की जे मूल महिनाभर बोललेलं नसतं तेही तोंड उघडतं. घरी तर बोलीच चालू द्या. लेकराशी शुद्ध बोलायचं म्हणून आई अडखळत चार वाक्यं बोलते, त्यापेक्षा अहिराणीत चाळीस बोलू दे.

वाटी

आहाराच्या बाबतीत संस्थेने पाकिटं वाटू नयेत, वाटी दाखवावी. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही. घुटी आणि मध चाटवण्याची चाल अजून आहे. वर्षाच्या आत मध नकोच, आणि हे सुनेला सांगून भागत नाही, सासूशी बोलावं लागतं. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून घट्टसर वरचं अन्न. नऊ ते अकरा महिन्यांत २५० मिलिलिटरची अर्धी वाटी तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चार वेळा आणि मध्ये काहीतरी खाऊ. दूध दोन वर्षं आणि पुढेही चालूच. ही २५० मिलिलिटरची वाटी ताईच्या पिशवीत असावी, कारण प्रत्येक घरात "वाटी" वेगळ्या मापाची असते.

आपल्याकडे काय कमी आहे? दादरची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची) भाकरी गरम वरणात कुस्करून, वर तेल किंवा तुपाचा चमचा. मुगाची खिचडी. केळी तर जळगावात घरची. चालत असेल तिथे उकडलेलं अंडं. नंदुरबारच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी-केळी मिळतात. ती खरंच मिळतात का, यावर गावाची नजर राहील एवढं बघा. फोडणीची तिखट आमटी सगळ्यांसाठी एकत्रच होते, म्हणून बाळाचा भाग तिखट घालण्याआधी काढायचा. ही युक्ती आम्हाला एका आजीनेच सांगितली. खरा सामना आहे तो पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाशी आणि चहा-बिस्किटाशी. जेवणाआधी चहा प्यालेलं मूल जेवत नाही, हे आईला तिच्याच मुलावर दोन दिवस करून बघायला सांगा.

ताईकडे दंडघेर मोजायची पट्टी असावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पावलांना सूज, म्हणजे त्याच दिवशी सेविका आणि आशाताईंना कळवायचं. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर दर आठवड्याला घरी जायचं. उपचार तुमचं काम नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात भरती व्हायची वेळ आली तर आईसोबत बसने जायचं आणि घरी उरलेल्या थोरल्या मुलांकडे कोण बघेल त्याची सोय लावायची, एवढं केलंत तरी पुरे. बहुतेक आया न जाण्याचं कारण तेच असतं.

ओट्यावरचा खेळगट आणि बापांची बैठक

आठवड्यातून एकदा, एका गल्लीतल्या आठ-दहा आया-आज्यांना मुलांसकट एका ओट्यावर बोलवा. मंगल कार्यालय नको, सतरंजी पुरे. वेळ हंगामावर ठरवा: वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर, एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत. भुसावळच्या बाजूला मे महिन्यात दहानंतर कुणी दारही उघडत नाही. अखाजीचा आठवडा सोडू नका. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात आणि बायकांना वर्षातून एकदा निवांत बोलायला फुरसत असते. आमच्या गरोदर बायांच्या सगळ्यात चांगल्या गप्पा झोक्याखालीच झाल्या.

बाप येत नाहीत, ही तक्रार आम्हीही दोन वर्षं केली. मग बैठक बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पारावर ठेवली आणि "बालविकास" हा शब्दच काढून टाकला. "जिभाऊ, पोराले पहिलीत टाकणं शे ना, मग आते काय करानं?" असं विचारलं. सात जण थांबले. त्यांना एकच काम दिलं: रोज रात्री जेवताना मुलाला दिवसभरातली एक गोष्ट विचारायची. पुढच्या बाजाराला त्यातल्या चौघांनी विचारलेली होती.

वाढ मागे वाटली तर

ताईने निदान करायचं नाही, पण बघितलेलं लिहून ठेवायचं. नऊ महिने उलटूनही बाळ आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षानंतरही चालत नाही किंवा एकही शब्द नाही, आधी येत असलेली गोष्ट आता येत नाही. यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. "त्याचा मामाही उशिरा बोलला" हे वाक्य प्रत्येक घरात तयार असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. ती तारीख आधी विचारून ठेवा आणि शेतातल्या घरचं मूल त्या दिवशी हजर राहील एवढं बघा. पुढची तपासणी जिल्हा पातळीवर होते, तिथेही सोबत जा.

कोयत्यावर जाणारी घरं

नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला काही जण घरी येऊन परत फिरतात. जाण्याच्या पंधरा दिवस आधी चार गोष्टी करा. राहिलेल्या लसी टोचून घ्या. सेविकेकडून पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करून घ्या. माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला सांगा. मुकादमाचा फोन नंबर आणि तळाचं (मुक्कामाचं) गाव लिहून घ्या. महिन्यातून एक फोन ताईने करायचा, पाच मिनिटांचा: बाळ काय खातं, नवीन काय करायला लागलं. होळीला आले की त्याच आठवड्यात दंडघेर मोजा.

नोंदणी आणि पैसा

हा भाग मुद्दाम मागे ठेवलाय. सहा महिने काम करा, मग नोंदणी करा. लेटरपॅडवर जन्मलेल्या संस्था लेटरपॅडवरच जगतात. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच. सात जण एकाच घरातले नकोत, आणि निदान दोन ताया किंवा आया विश्वस्त असाव्यात. उद्देशांत जगातलं सगळं लिहू नका. शेळीपालन ते संगणक असे बत्तीस उद्देश वाचले की देणगीदार पान उलटतो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. याच एका कागदावर बऱ्याच संस्था अडकून पडलेल्या आहेत. हिशेबाचं लेखापरीक्षण दरवर्षी करा. पॅन, बँक खाते, मग आयकराची नोंदणी, जिला सगळे १२ए आणि ८०जी म्हणून ओळखतात, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) पैशासाठी बहुतेक वेळा तीन वर्षांच्या कामाची नोंद लागते, तेव्हा पहिल्या वर्षी त्यामागे धावू नका.

पहिल्या वर्षाचा हिशेब मी असा मांडते. चार ताया, प्रत्येकी महिना ४,००० रुपये: वर्षाचे १,९२,०००. एक समन्वयक महिना ८,०००: ९६,०००. प्रवास आणि प्रशिक्षण ३०,०००. वह्या, पट्ट्या, वाट्या, सतरंज्या १५,०००. नोंदणी, लेखापरीक्षण, छपाई २०,०००. अडीनडीला १२,०००. बेरीज ३,६५,०००, म्हणजे दिवसाला बरोबर हजार रुपये. हा आकडा आम्हाला फार उपयोगी पडला. कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध, "एक दिवस तुमचा" म्हटलं की जिनिंगवाल्यापासून निवृत्त गुरुजींपर्यंत लोक देतात. पावती त्याच दिवशी द्या, त्या दिवशी कोणत्या घरी भेट झाली ते मुलाचं नाव न सांगता कळवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि पेसा (अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या) गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो पैसा स्वतःकडे मागू नका. त्यातून अंगणवाडीला पंखा, पाण्याची टाकी, दरवाजाला कडी होईल असा ठराव ग्रामसभेत मांडा. सेविकेच्या मनातली उरलीसुरली शंका त्या दिवशी जाते.

काही गोष्टी अजिबात नाही

कुपोषित मुलाचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही, चेहरा झाकूनही नाही. गावात चेहरा लागत नाही, गोधडीवरून घर ओळखतात. घरात पुरुष एकटा असेल तर ताईने दारातूनच परतायचं. मुलाच्या अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या, किंवा त्याहून वाईट शंका आली, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा आणि समन्वयकाला त्याच तासात सांगायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती दडवणं पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. आणि घरातल्या गोष्टी दुसऱ्या घरी न्यायच्या नाहीत. आमच्या एका हुशार ताईला आम्ही याच कारणावरून थांबवलं. वाईट वाटलं, पण त्या गल्लीतली बंद झालेली पाच दारं पुन्हा उघडायला आठ महिने लागले.

दुसरं गाव घ्यायचं ते पहिल्या गावातल्या दोन ताया तिथे जाऊन शिकवू शकतील तेव्हाच. आमच्याकडे ती वेळ तिसऱ्या वर्षी आली. दादर पाखडणारी ती आजी तायांसोबत रिक्षात बसून गेली, आणि नव्या गावातल्या पहिल्या घरी वाटी-चमचा तिनेच मागून घेतला.